प्रभामावशींचं गाढव

दुकानात कापड बघताना बायका ते चिमटीत धरून चोळतात, उजेडात धरतात, फार तर "रंग जाणार नाही ना?" असं विचारतात आणि दुकानदार "नाही" म्हणाला की त्याच्यावर विश्वास ठेवतात. प्रभामावशी कापड मानेला लावून बघायच्या. रविवार पेठेतल्या भरगच्च दुकानात, चारचौघांसमोर, कापडाचं टोक कानाखाली मानेवर घासायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. दुकानदार नवा असला तर गोंधळायचा. जुना असला तर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा, कारण आता वेळ लागणार हे त्याला ठाऊक असायचं.

"हाताची कातडी भांडी घासून निबर झालेली असते, तिला काय कळतंय?" त्या म्हणायच्या. "पोराच्या मानेला जे टोचतं ते पोर अंगावर ठेवत नाही. आणि त्यानं ओरबाडून काढलं की संपला तुमचा ससा."

मावशी प्राणी शिवायच्या. म्हणजे लहान मुलांसाठी प्राण्यांचे पोशाख. शाळेचं स्नेहसंमेलन असो, सोसायटीचा गणपती असो, सुट्टीतलं एखादं नाटुकलं असो, बिबवेवाडीतल्या आमच्या भागातली निम्मी मुलं कधी ना कधी त्यांच्या हातून म्हैस, कावळा, खार किंवा बेडूक होऊन गेलेली आहेत. त्या आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. निवृत्त होईपर्यंत नोकरी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, पण ऑफिसात, टाइपरायटरवर. शिवणाचं हे खूळ तिथल्या क्वार्टर्समध्येच सुरू झालं. "तिथली सगळी पोरं वेशभूषेला सैनिक व्हायची," त्या सांगायच्या. "घरोघरी खाकी कपडा, काय अडचण? स्टेजवर नुसती फौज उभी. लढायला समोर कुणीच नाही. म्हटलं, निदान एक तरी बकरी पाहिजे."

वाघ आणि सिंह मात्र त्या शिवत नसत. एखादी आई हौसेनं वाघाचं कापड घेऊन आली तर मावशी ते घडी करून तिच्या हातात परत द्यायच्या. "वाघ झालेलं पोर एकदा डरकाळी फोडतं, आणि मग पुढं काय करायचं ते त्याला सुचत नाही. त्यापेक्षा म्हैस करा. म्हशीला केवढी कामं असतात."

पोशाख पुरा झाला की त्याची परीक्षा व्हायची. मुलाला तो घालून खाली मांडी घालून बसता आलं पाहिजे, हातानं लाडू खाता आला पाहिजे, आणि कुणाच्या मदतीशिवाय शू करून येता आलं पाहिजे. यातलं एक जरी जमलं नाही तरी सगळं उसवून पुन्हा. एकदा शेजारच्या इमारतीतल्या बाईंनी लक्ष्मी रोडवरून भाड्यानं मोर आणला होता. पिसारा सुरेख होता, पण तो पाठीला इतका घट्ट बांधला होता की त्या मोराला ऐन वेळी बाथरूमच्या दारातून आतच जाता येईना. मोर रडायला लागला. मावशी जिन्यात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "राष्ट्रीय पक्षी आहे, जरा अदबीनं न्या."

त्यांच्या घरात हॉल होता, पण त्यात माणसांनी बसायची जागा शोधावी लागायची. एका पोत्यात सोफेवाल्याकडून आणलेले स्पंजचे तुकडे, एकात जुने स्वेटर, एकात नुसत्या छत्रीच्या काड्या. मिशांसाठी केरसुणीच्या काड्या वेगळ्या बांधून ठेवलेल्या. शिवणयंत्र खिडकीशी, आणि त्याच्या वर खिळ्याला दोन कात्र्या. लाल दोरा बांधलेली कापडाची, बिनदोऱ्याची बाकी सगळ्याची. या लाल दोऱ्याला त्या घरात देवाच्या खालोखाल मान होता. आमच्याकडे नवीन केबल घेतली तेव्हा माझ्या नवऱ्यानं घाईत खाली जाऊन मावशींची कात्री मागून आणली आणि त्याच कात्रीनं वायर सोलली. नेमकी लाल दोऱ्याची. मावशी त्याला काहीही बोलल्या नाहीत. फक्त पुढचे कितीतरी दिवस तो जिन्यात भेटला की त्या विचारायच्या, "काय हो, चित्र स्पष्ट दिसतंय ना?"

आम्ही अकोल्याचे. कंप्युटर कंपन्यांची लाट आली तेव्हा आम्हा दोघांनाही हडपसरकडे नोकऱ्या लागल्या, आणि सहा वर्षांच्या जुईला घेऊन आम्ही पुण्यात आलो. सकाळी कंपनीची गाडी यायची, संध्याकाळी दमून भागून परत. जुई शाळेतून आली की आम्ही येईपर्यंत मावशींकडे थांबायची. हे मी त्यांना विनवून ठरवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात ती आमच्या कुलूप लावलेल्या दारात बसलेली त्यांना दिसली आणि त्यांनी तिला खाली नेलं, एवढंच. मी मोबदल्याचा विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "हा विषय परत काढलात तर मी तिला ठेवून घेईन आणि तुम्हाला आत घेणार नाही."

पण त्याच सुमारास जुईनं बोलणं बंद केलं.

झालं होतं असं की शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, "डबा खाऊन राहिली." सगळा वर्ग हसला. बाईही जराशा हसल्या असाव्यात. मग मधल्या सुट्टीत मुलं तिच्यामागं "खाऊन राहिली, जाऊन राहिली" म्हणत फिरली. आमच्या वऱ्हाडात असंच बोलतात. आम्ही दोघं नोकरीपायी पुण्याची भाषा अंगावर चढवून बसलो होतो, तिला ते कुठून जमणार? आधी ती शाळेत गप्प झाली. मग जिन्यात, मग सोसायटीत, आणि पावसाळा भरात येईपर्यंत आमच्याशीसुद्धा मानेनंच बोलायला लागली. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, म्हणाले सगळं ठीक आहे, वेळ द्या. शाळेला मात्र वेळ नव्हता. फोनवर सासूबाई रोज म्हणायच्या, "पाठून दे पोरीले इकडं. माह्यापाशी बोलीन ते." शेवटी आम्ही ठरवलं की दिवाळीपर्यंत पाहायचं, नाहीतर तिला अकोल्याला ठेवायचं. दिवाळीच्या गाडीची तिकिटं काढली. जायची तीन, यायची दोन. ती तिकिटं मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आणि रोज कपाट उघडलं की खालची घडी न हलवता वरचीच साडी ओढून घ्यायचे.

मावशींना मी हे सगळं रडत रडत सांगितलं. त्यांनी हातातली टाचणी उशीत खोचली आणि म्हणाल्या, "कोण म्हणालं बोलत नाही? रोज दुपारी बोलते की."

"कुणाशी?"

"गाढवांशी."

आमच्या सोसायटीसमोर तेव्हा नवी इमारत उठत होती. बिबवेवाडीत तेव्हा जिकडं पाहावं तिकडं इमारती उठत होत्या. रेती-विटा वाहायला गाढवं असायची, आणि दुपारी गाढववाला जेवायला बसला की ती मावशींच्या गॅलरीच्या अगदी खाली, कुंपणालगत उभी राहायची. जुई गॅलरीच्या गजांतून पाय सोडून बसायची. मावशी आत मशिनीवर. त्यांनी ऐकलेलं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं, त्यांच्या त्या खणखणीत पुणेरी आवाजात ते फारच विचित्र वाटलं: "काहून उभा राहिला रे उन्हात? तुले कोनी पानी नाही देल्लं काय?"

माझ्या पोरीचा आवाज मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळत होता.

"गणपतीत वेशभूषा आहे," मावशी म्हणाल्या. "गाढव करू या."

मी हबकलेच. ज्या मुलीला आधीच सगळे चिडवतात तिला गाढव करून स्टेजवर उभी करायची? मुलं तिला आयुष्यभर गाढव म्हणतील. मी म्हटलं, मावशी, ससा करा, चिमणी करा, हवं तर तुमचा नियम मोडून वाघ करा.

"वाघाची आणि तिची ओळख आहे का?" मावशींनी विचारलं. "गाढवं तिला ओळखतात. तिनं हाक मारली की कान वर करतात, मी पाहिलंय. अनोळखी प्राण्याच्या कातड्यात पोराला कोंबायचं नसतं हो. गुदमरतं."

मी हो म्हटलं. पटलं होतं असंही नाही. पण दुसरं कोणी काही सुचवतही नव्हतं.

कुठलाही प्राणी शिवायचा म्हणजे आधी तो बघायला जायचं, आणि मुलाला घेऊन जायचं, ही मावशींची रीत. म्हशीसाठी त्या गोठ्यात जाऊन बसत, बेडकासाठी विहिरीवर. तर एका रविवारी सकाळी मावशी, जुई आणि मागून संकोचानं मी, अशी आमची वरात समोरच्या बांधकामावर गेली. मावशींच्या गळ्यात माप घ्यायची टेप. गाढववाला हणमंता चहा पीत होता.

"काय बाई, गाढवाला टोपी शिवताय का काय?"

"टोपी नाही. कान मोजायचेत. जरा धरा याला."

"कान? आवं बाई, त्ये लाथ घालंल."

"घालू दे. मी खडकीला नोकरी केलेली आहे, मला धडाक्याची सवय आहे."

हणमंता हसून हसून बेजार झाला, पण त्यानं गाढवाची मान धरली. मावशींनी कानाची लांबी घेतली, रुंदी घेतली, आतले पांढुरके केस बोटानं बाजूला करून पाहिले. पाठीवरून जाणारा काळा पट्टा आणि खांद्यावर त्याला छेदणारा आडवा पट्टा त्यांनी जुईला हात धरून दाखवला. मग म्हणाल्या, "रंग राखाडी नाही. बघ नीट. चहात राख पडल्यासारखा आहे." जुईनं गाढवाच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याच्या कानाला तोंड लावून काहीतरी पुटपुटली. गाढवानं दोन्ही कान उभे केले. मावशी ते बघत राहिल्या. टेप गळ्यात तशीच लोंबत होती.

मावशींच्या प्रत्येक प्राण्यात एक जिवंत जागा असायची. खारीचं शेपूट हलायचं, कावळ्याची मान वळायची. मुलाच्या मुठीत लपवलेला दोरा ओढला की ते व्हायचं. गाढवाची जिवंत जागा काय असणार हे त्या दिवशी ठरलं.

अंगासाठी घोंगडीचा तुकडा आणला होता, रंग अगदी बरोबर होता, पण तो मानेच्या परीक्षेत नापास झाला. मग फ्लॅनेल आणून चहाच्या पाण्यात दोनदा उकळलं, आतून जुन्या मलमलीचं अस्तर. खरी झटापट कानांची. कानाला कणा हवा, आणि तो वाकूनही परत सरळ झाला पाहिजे. छत्रीची काडी फार ताठ, वेताची पट्टी मोडली. आमच्या ऑफिसात तेव्हा नवे कंप्युटर येत होते, आणि त्यांच्या खोक्यांना बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मी एकदा सहज घरी आणल्या. मावशींनी एक पट्टी वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली. मग खोक्यातला पांढरा स्पंज चाचपला. "तुमच्या कंपनीत इतकं उत्तम सामान येतं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही कंप्युटर ठेवून घेता आणि हे फेकून देता?"

दोरा निवडायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. मासे धरायच्या गळाचा नायलॉनचा दोरा मजबूत, पण तो त्यांनी स्वतःच्या बोटाला गुंडाळून पाण्याची बादली उचलून पाहिली तेव्हा बोटावर लाल चर पडला. "नको. पोराचं बोट आहे." शेवटी बटणं लावायचा सुती दोरा घेतला, मेणबत्तीवरून ओढून त्याला मेण लावलं, आणि प्रत्येक कानाला एक असे दोन दोरे बाहीतून खाली आणून त्यांना दोन लहान कड्या बांधल्या. एक कडी तर्जनीत, एक मधल्या बोटात. दोरा सोडला की कान मागं पडायचे, ओढला की उभे राहायचे.

जुईला त्यांनी एवढंच सांगितलं, "दोन्ही कान वर म्हणजे हो. एकच कान वर म्हणजे नाही. बोलायची काही गरज नाही."

आणि मग आमच्या घरात बोलणं सुरू झालं. कानांनी. अंगाचं शिवण अजून व्हायचं होतं, पण कानांची टोपी जुई शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत घालायची. भेंडीची भाजी खाणार? एक कान. वरण-भात? दोन कान. बाबा चांगला की आई? यावर ती दोन्ही कान पाडून बसायची, आणि मी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसायचे. एकच कान उभा असलेलं गाढव इतकं आगाऊ दिसतं की नकारसुद्धा गोड वाटायचा. आपल्याला कुणी हसलं तरी त्यात लागण्यासारखं काही नसतं, हे तिला त्या दिवसांत कळायला लागलं असावं.

वेशभूषेच्या दिवशी पार्किंगमध्ये फळ्यांचं स्टेज बांधलं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी माइक घेऊन प्रत्येक मुलाला "बाळ, तू कोण?" विचारत होते. मावशींनी त्यांना आधीच गाठून सांगितलं होतं, "हिला फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारा. बाकीचं भाषण तुम्ही कराच." त्याप्रमाणे त्यांनी विचारलं, "तू घोडा आहेस का?" एक कान उभा राहिला. लोक हसले, छान हसले. "तू मांजर आहेस का?" पुन्हा एक कान. "मग काय गाढव आहेस?" दोन्ही कान ताठ. टाळ्या पडल्या. मीही मावशींच्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात मागून एक मोठा मुलगा ओरडला, "गाढव! ए गाढव!" आणि मग त्याच्या सगळ्या टोळीनंच ताल धरला. गाढव, गाढव, गाढव. सेक्रेटरी माइकमधून "शांत राहा" म्हणत होते, त्यामुळे गोंगाट आणखीच वाढला. जुईनं मूठ आवळलेली मला लांबून दिसली. कान थरथरले, आणि एकाएकी दोन्ही मागं पडले. तिनं पुन्हा मूठ ओढली. कान हलेनात. तिनं हाताकडं पाहिलं. बाहीतून दोरे लोंबत होते.

"दोरा गेला," मावशी म्हणाल्या आणि उठल्याच. पदराला खोचलेली सुई त्यांनी चालता चालता काढली होती. लोकांच्या खुर्च्या बाजूला सारत त्या स्टेजकडे निघाल्या. मी मात्र जागची हलू शकले नाही. मला कपाटातली ती यायची दोनच तिकिटं दिसत होती.

मावशी पायरीवर पोहोचल्या आणि जुईनं तोंड उघडलं.

"हाव! गधाच आहो मी! काहून हासून राहिले?"

सेक्रेटरींच्या हातातला माइक तिच्या तोंडासमोर आला होता. मागच्या टोळीचा ताल मोडला.

"तुमच्या बिल्डिंगची रेती कोनं आनली मंग? तुम्ही आनली काय? गध्यानं आनली! आन त्याले पानी बी नाही देत कोनी. उन्हात उभं ठेवता दिवसभर. त्याचे पाय दुखत नाहीत काय?"

जे जे ती रोज गॅलरीतून गाढवांना सांगत होती, किंवा गाढवं तिला सांगत होती, ते सगळं तिनं तिथं सांगून टाकलं. समोरच्या इमारतीचे बिल्डरसाहेब प्रमुख पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत होते. लोक हसले, पण त्या हसण्यात ती सापडलेली नव्हती, ती त्यांना हसवत होती. मावशी ओवलेली सुई हातात धरून पायरीवर तशाच उभ्या. त्यांना वर जावं की खाली यावं ते कळत नव्हतं. प्रभामावशींना काय करावं हे न कळल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं.

पहिलं बक्षीस एका परीला मिळालं. मावशी म्हणाल्या, "बरोबरच आहे. परीचा दोरा तुटला नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला धरून सरळ उभं केलं. "कच्च्या कामाला नमस्कार करायचा नसतो." मला वाटलं, विनयानं म्हणताहेत. पण विनय हा त्यांचा प्रांत नव्हता. त्या खरोखरच चिडल्या होत्या, स्वतःवर. टोपी मांडीवर घेऊन त्या तुटलेल्या दोऱ्याचं टोक बघत बसल्या होत्या. "मी शांत हाताचं माप घेतलं," त्या म्हणाल्या. "टीव्ही बघत बघत ओढून पाहिला दोरा. घाबरलेली मूठ किती जोरात ओढते ते धरलंच नाही." पुढं कितीतरी वर्षं कुणी त्या गाढवाची आठवण काढली, वाहवा केली, की त्या तोडून टाकायच्या, "अहो, दोरा तुटला म्हणून बोलली ती. माझं काम फसलं आणि तुम्ही टाळ्या वाजवता."

मी त्यांच्याशी यावर कधी वाद घातला नाही. पण मला विचाराल तर माझी मुलगी त्या दोऱ्याच्या तुटण्यानं बोलली नाही. त्याआधी तिला कुणीतरी म्हणालं होतं की बोलायची काही गरज नाही, आणि नुसतं म्हणून थांबलं नव्हतं, तर गप्प राहून सगळं सांगता येईल अशी सोय शिवून दिली होती. आम्ही आईबाप, शाळा, डॉक्टर, सगळे तिच्याकडे शब्द मागत होतो. मावशींनी मागितलेच नाहीत. त्या बाईचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मला धडपणे सांगता येत नाही, आणि त्यांना तर ते ऐकूनच घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीपासून सोसायटीच्या फाटकाशी गाढवांसाठी पाण्याचं घमेलं ठेवलं जायला लागलं, सेक्रेटरींच्या हुकमानं. दिवाळीला आम्ही अकोल्याला गेलो आणि परत तिघंही आलो. यायचं तिसरं तिकीट मिळालं नाही, म्हणून जुई पुण्यापर्यंत आळीपाळीनं आमच्या मांडीवर बसून, अखंड बडबडत आली. डब्यातल्या लोकांनी आमच्याकडं दोनदा तक्रार केली. मला ती तक्रार फार आवडली.

मग वर्षं गेली. समोरची इमारत पुरी झाली आणि गॅलरीतून दिसायचं ते आभाळ गेलं. रेती वर न्यायला यंत्रं आली, हणमंता गाढवं घेऊन कुठं गेला कळलं नाही. मॉलमध्ये तयार प्राणी मिळायला लागले, पिशवीत घडी घातलेले. जुईनं एकदा मावशींना तसला मॉल दाखवायला नेलं. मावशींनी हँगरवरच्या सिंहाची आयाळ मानेला लावली, डोळे मिटले, आणि तिथल्या पोरीला विचारलं, "हे पोरानं घालायचं आहे की पोराला शिक्षा म्हणून आहे?" त्यांच्याकडं येणारी मुलं कमी कमी होत गेली. त्यांना त्याचं वाईट वाटत असेल तर त्यांनी दाखवलं नाही. जुई मात्र शाळेत, कॉलेजात, नोकरीला लागल्यावरही दुपारी नाहीतर रात्री खाली चक्कर मारायचीच. मावशींशी ती आमचीच भाषा बोलायची, मुद्दाम.

नंतर मावशींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आयुष्यात जिनं कुणाला शेवटचा शब्द बोलू दिला नव्हता तिच्या उशाशी बसून लोक मोठमोठ्यानं बोलायचे आणि तिच्या वतीनं उत्तरंही आपणच देऊन टाकायचे. "काय मावशी, बरं वाटतंय ना? हो, हो, बरं वाटणारच." खडकीहून भाची येऊन राहिली होती. तिनं पाटी-पेन्सिल दिली, पण डाव्या हातानं लिहिता येईना. मग मावशींनी ती पाटी ढकलून दिली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागल्या. दूध पुढं केलं तर तोंड घट्ट मिटायच्या. भाची मला बाहेर येऊन म्हणाली, "मावशी सगळं सोडत चाललीय हो." त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. पण आता मी मावशी म्हटल्यावर मला त्यांचं भिंतीकडं वळलेलं तोंड आठवत नाही, ते जुईमुळे.

त्या दिवसांतल्याच एका संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन त्यांच्या दारात चप्पल काढत होते. आत जुई पलंगाशी स्टुलावर बसली होती, ऑफिसच्याच कपड्यांत, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि डोक्यावर गाढवाचे कान. आमच्या माळ्यावरून तिनं ते शोधून काढले होते. फ्लॅनेल विरलं होतं, पण कंप्युटरच्या खोक्याच्या पट्ट्या अजून ताठ होत्या. दोरे तिनं नवे घातले होते. ते तिच्या डोक्यावरून पलंगापर्यंत आले होते आणि त्यांच्या कड्या मावशींच्या डाव्या हाताच्या दोन बोटांत अडकवल्या होत्या.

"मावशीआजी," जुई म्हणाली, "दोन्ही कान वर म्हणजे हो. एकच कान वर म्हणजे नाही. बोलाची काही गरज नाही."

मावशी तिच्याकडं बघत राहिल्या.

"मी गधा आहो काय?"

मावशींनी कानांकडं पाहिलं, बोटातल्या कड्यांकडं पाहिलं. मग मावशींची बोटं हलली आणि दोन्ही कान ताठ उभे राहिले. दारात भाची तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मला माझंही कळलं नाही.

"दूध घेतं काय?" एक कान.

"चहा?" दोन कान.

"भाचीच्या हातचा?" एक कान उभा राहिला, आणि भाची रडता रडता "अगं बाई!" म्हणाली.

"अन दोरा?" जुईनं विचारलं. "गळाचा आणला मी, नायलॉनचा. आता नाही तुटत. बरोबर आहे ना?"

मावशींनी हात जरासा वर घेतला आणि बोटांकडं पाहिलं. तेवढ्या ओढण्यानंसुद्धा कातडीवर बारीक लाल चर उमटला होता. मग दुकानात कापड मानेला लावून मिटायच्या तसे त्यांनी डोळे मिटले, आणि एकच कान उभा केला.